खोरे, दरी, घळ, घळई : कुठला शब्द कुठे?

प्रश्न : सह्याद्रीतल्या वेगवान नद्यांवर माहितीपर मजकूर लिहायचा आहे. 'खोरे', 'दरी', 'घळ' आणि 'घळई' यांत नेमका फरक काय? आणि खडकांवरून फेसाळत धावणाऱ्या पाण्याच्या टप्प्याला मराठीत काय म्हणतात?

उत्तर : दरी हा आकार आहे, खोरे हा मुलूख. दरी म्हटली की दोन उंच बाजू आणि मधली खोली डोळ्यांपुढे येते. तळाशी नदी असेलच असे नाही. खोऱ्याला मात्र नदी हवीच, आणि तिच्यासोबत तिला मिळणारे ओढे, शेते, गावे सगळे आले. माणूस दरीत कोसळतो आणि खोऱ्यात नांदतो.

फरक एका वाक्यात पाहायचा तर मुळशी धरण घ्या. मुळा ही भीमेच्या, म्हणजे पर्यायाने कृष्णेच्या खोऱ्यातली नदी. पण मुळशीत अडवलेले पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला भिऱ्याकडे सोडतात आणि ते कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळते. म्हणजे कुंडलिकेच्या दरीतून मुळेच्या खोऱ्यातले पाणी वाहते. इथे दोन्ही शब्दांची अदलाबदल केली तर वाक्याचा अर्थच जातो.

पुण्याच्या पश्चिमेला नदीच्या खोऱ्यालाच 'मावळ' म्हणतात : पवनेचे पवन मावळ, आंद्रेचे आंदर मावळ, गुंजवणीचे गुंजण मावळ. जुन्नरच्या बाजूला तोच अर्थ 'नेर' देतो : भामेचे भामनेर, कुकडीचे कुकडनेर. त्यामुळे 'भामनेर खोरे' लिहू नका, ती द्विरुक्ती होते.

पुरवणी, घळीबद्दल : घाटावर आणि महाडकडे 'घळ' म्हणजे बऱ्याचदा कपारीसारखी गुहा. शिवथरघळ हे ठळक उदाहरण. शेजारी धबधबा, आत माणसे बसतील एवढी पोकळी. बेसाल्टच्या दोन थरांमधला ठिसूळ थर आधी झिजतो आणि वरचा कठीण थर छपरासारखा पुढे राहतो, अशा जागी ही पोकळी तयार होते. 'घळई' वेगळी. ती अरुंद, उभ्या भिंतींची, नदीने खाली खाली कापत नेलेली चीर. शाळेच्या भूगोलात घळई, विश्वकोशाच्या नोंदींत 'निदरी'. रतनगडाजवळ साम्रदची सांदण दरी बोलण्यात दरी असली तरी आकाराने घळईच. विशेषनाम बदलू नये, वर्णनात मात्र घळई लिहावे.

गिर्यारोहकांची 'नाळ' यांत मिसळू नये. कड्यावरून कोकणात उतरणारी, दगडगोट्यांनी भरलेली तीव्र उताराची अरुंद वाट म्हणजे नाळ. लिंगाण्याजवळची बोराट्याची नाळ तशी.

प्रश्न : आणि फेसाळत्या टप्प्याचे काय? 'द्रुतवाह' फार पुस्तकी वाटते.

उत्तर : पाठ्यपुस्तकासाठी द्रुतवाह बरोबरच आहे. सर्वसाधारण वाचकासाठी 'खळाळ' वापरा. 'पुढच्या वळणावर मोठा खळाळ आहे' हे कोलाडला राफ्टमध्ये बसणाऱ्याला लगेच कळेल. मात्र खळाळ म्हणजे खोल पाणी नव्हे. पात्राचा उतार वाढतो, खडक वर येतात, पाणी पातळ होऊन आपटते आणि आवाज होतो. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण नदीकाठच्या निरीक्षणातूनच आलेली दिसते.

खरा घोटाळा 'उतार' या शब्दाने होतो. भूगोलात उतार म्हणजे ढाळ. नदीकाठी उतार म्हणजे पायी ओलांडता येईल अशी जागा. 'नदीला उतार नाही' याचा अर्थ पात्र सपाट आहे असा नाही, पलीकडे जाता येणार नाही असा आहे. उतार बहुधा पात्र रुंद आणि पाणी पसरट असते तिथे मिळतो. मोठ्या पुरात गोटे सरकतात, म्हणून गेल्या वर्षीचा उतार यंदा तिथेच असेल असे धरून चालू नये. मजकुरात दोन्ही अर्थ येणार असतील तर एकासाठी 'ढाळ' ठेवा.

आणखी एक सूचना : धोक्याच्या फलकावर 'प्रवाह वेगवान आहे' पेक्षा 'पाण्याला ओढ आहे' लिहा. वरून संथ दिसणारे पाणीही पाय उचलून नेते, ते 'ओढ' या शब्दात येते. वेग डोळ्यांना दिसतो, ओढ पायांना लागते. निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरून खडक कोरतात, त्यातून ते होतात. खळग्याचे तोंड अनेकदा लहान आणि पोट मोठे. पाणी वरून गेले की तोंडही दिसत नाही. अशा जागी फलकावर 'खोल पाणी' पुरेसे नाही, 'पात्रात रांजणखळगे आहेत, पाण्यात उतरू नये' असेच लिहावे.

'कोंड'बद्दल : कोकणात कोंड म्हणजे डोह, जसा काळ नदीवरचा वाळणकोंड. पण तिथेच कोंड म्हणजे वाडीही. 'कोंडावर गेले' एवढेच लिहिले तर घाटावरच्या वाचकाला दोन्ही अर्थ कळणार नाहीत. 'कोंडाच्या पाण्यात' किंवा 'कोंडावरची घरे' असे लिहिले की झाले.