हिरड्यांतून रक्त येतंय, डीप क्लीनिंग करू की गोळ्यांवर भागेल?

चहाबाज:
ब्रश करताना रक्त येतंय, तोंडाला वासही असतो. डेंटिस्ट म्हणाल्या पॉकेट (दात आणि हिरडीतली फट) 5 मिमीचे झालेत, स्केलिंग-रूट प्लेनिंग करू, म्हणजे हिरडीखाली मुळापर्यंत खरवडून डीप क्लीनिंग. शेजारचे काका म्हणतात स्केलिंगने दात हलतात, त्यापेक्षा अँटिबायोटिकचा कोर्स घे आणि माउथवॉश वापर. कोणी केलंय का हे?

सूक्ष्मदर्शक:
नुसत्या गोळ्यांवर नाही भागणार. मी मायक्रोबायोलॉजीवाला, डेंटिस्ट नाही, पण हिरड्या बिघडवणारे जंतू सुटे नसतात हो, स्वतःच बनवलेल्या चिकट थरात राहतात, औषध आत नीट पोचत नाही आणि तळातले इतके सुस्त असतात की पोचलं तरी फारसं बाधत नाही. शिवाय सगळे एकमेकांच्या आधाराने जगतात. आधी दाताला चिकटतात स्ट्रेप्टोकॉकस, मग येतो लांबुडका फ्युजोबॅक्टेरियम, तो आधीच्यांनाही धरतो आणि मागून येणाऱ्यांनाही, आणि आत ऑक्सिजन संपला की पोर्फिरोमोनास जिंजिवॅलिस, ट्रेपोनेमा डेंटिकोला वगैरे खरी त्रासदायक मंडळी. या दोघांचं तर साटंलोटं, जिंजिवॅलिस आयसोब्युटिरिक अ‍ॅसिड टाकतो त्यावर ट्रेपोनेमा वाढतो, ट्रेपोनेमाच्या सक्सिनिक अ‍ॅसिडवर जिंजिवॅलिस.

कोकणकडा:
मग त्या जिंजिवॅलिसलाच मारा ना, विषय संपला.

सूक्ष्मदर्शक:
तेवढं सोपं असतं तर! 2011 च्या प्रयोगात जंतूच नसलेल्या उंदरांच्या तोंडात एकटा जिंजिवॅलिस सोडला, दाताभोवतीचं हाड झिजलंच नाही. बाकीचे जंतू असताना मात्र थोडासा असला तरी पुरतो, आपल्या प्रतिकारशक्तीला गंडवतो, बाकीचे माजतात, सूज येते आणि सुजलेल्या हिरडीतून जे प्रोटीन-लोह पाझरतं त्यावरच हे सगळे पोसतात. म्हणून थर खरवडूनच काढावा लागतो, गोळ्या दिल्याच तर त्याच्या जोडीला.

दातकोरणं:
मी केलंय. भूल देतात, दुखत नाही, नंतर काही दिवस गार पाणी झिणझिणतं. काकांना सांगा दात स्केलिंगने हलत नाहीत, हाड आधीच झिजलेलं असतं, टार्टर (दातावर कडक झालेला थर) निघाला आणि सूज उतरली की फटी दिसतात म्हणून लोक घाबरतात. शुगर चेक केली का? वाढलेली असेल तर हिरड्या लवकर बऱ्या होत नाहीत. आणि मशेरी-तंबाखू असेल तर बंद. नंतर रोज इंटरडेंटल ब्रश (दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश), नेहमीचा ब्रश पोचत नाही तिथेच थर परत धरतो.

चहाबाज:
शुगर नाही केली, उद्याच करतो. तो इंटरडेंटल ब्रश कुठल्या साइजचा घेऊ?

दातकोरणं:
ऑनलाइन मागवू नका आत्ताच, क्लीनिंगनंतर फटी बदलतात. तेव्हा डॉक्टरांकडूनच मापून घ्या, मला दोन साइज लागतात.