मदत हवी आहे: अमेरिकेत कॉलेज गोल्फ. मुलाला उत्तर आलं, मुलीला नुसती फॉर्मची लिंक!

बंडगार्डनकर: नमस्कार मंडळी. माझा मुलगा आणि मुलगी दोघंही गोल्फ खेळतात. मिडवेस्टमधल्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीच्या मेन्स आणि विमेन्स दोन्ही कोचना सारखाच मेल टाकला. मुलाला लगेच उत्तर आलं, स्पर्धांचे स्कोअर पाठवा म्हणून. मुलीला फक्त एका प्रश्नावलीची लिंक. खरं तर तिचा खेळ त्याच्यापेक्षा सरस आहे, क्लबात कुणालाही विचारा. मुलींच्या टीमला परदेशी मुली नको असतात का? लवकर सांगा, एजंट पैसे भरा म्हणून मागे लागलाय.

चहाटळ: गोल्फ! आमच्या वेळी विटी-दांडू होता, स्कॉलरशिप नव्हती.

शिकागोची_सून: कुठली युनिव्हर्सिटी? मुलं कितवीत? स्कोअर काय?

बंडगार्डनकर: नाव इथे जाहीर लिहीत नाही. दोघंही ७५च्या आसपास खेळतात.

बंकरमधला_बाप: ७५ कुठून? कुठल्या टीवरून, किती यार्डांवर? रविवारी बाबांच्या ग्रुपबरोबर, गिमी (जवळचा पट न मारताच गेला असं धरणं) देत देत काढलेला ७५ कोच विचारात घेत नाही. त्याला सलग दोन-तीन दिवसांच्या स्पर्धेतले, एकही पट न सोडता खेळलेले राउंड लागतात. आयजीयूच्या (इंडियन गोल्फ युनियन) ज्युनिअर स्पर्धांचे निकाल पाठवा, वॅगर रँकिंग (हौशी गोल्फरांची जागतिक क्रमवारी) असेल तर तेही.

डॉलरचा_भाव: एजंट सोडा, माझं ऐका. मुलींना सोपं जातं. मुलांच्या टीमला ४.५ स्कॉलरशिप, मुलींच्या टीमला ६. भाच्याच्या वेळी सगळं पालथं घातलंय.

बंकरमधला_बाप: भाच्याची वेळ गेली. २०२५-२६पासून, हाउस सेटलमेंट (कॉलेज खेळाडूंच्या खटल्यातली तडजोड) ज्यांनी स्वीकारली तिथे, स्कॉलरशिपची ती मर्यादा गेली आणि रोस्टरची, म्हणजे टीममधल्या खेळाडूंच्या संख्येची आली. गोल्फला दोन्हीकडे ९ खेळाडू. नवांनाही पूर्ण स्कॉलरशिप देता येते, पण द्यायलाच हवी असं नाही. पैसे किती देणार ते कोचलाच स्पष्ट विचारा. स्टेट युनिव्हर्सिटीत बाहेरच्यांची फी जबर असते, पाव स्कॉलरशिपने काही होत नाही.

डॉलरचा_भाव: म्हणजे आकडे तेव्हा बरोबरच होते ना!

शिकागोची_सून: काका, मुलगी कितवीत आहे ते सांगा की.

थेट_ग्रीनवर: मिडवेस्टला पाठवूच नका, नोव्हेंबर ते मार्च बर्फ. ॲरिझोना स्टेट बघा. मिकलसन आणि जॉन राम हे नामवंत गोल्फर तिथलेच.

शिकागोची_सून: बर्फाचं काय घेऊन बसलात? इलिनॉय बघा. तिथे शँपेन शहरात थंडीतल्या सरावासाठी डेमिर्जियन म्हणून इनडोअर सेंटर आहे. स्कॉट लँगली (२०१०) आणि थॉमस पीटर्स (२०१२) तिथूनच एनसीएए (अमेरिकेतली कॉलेज खेळांची संस्था) चॅम्पियन झाले. पीटर्स बेल्जियमचा, तिथेच खेळलेला डेट्रीही बेल्जियमचा. मुलांच्या टीमचं बोलतेय, पण परदेशी म्हणून कुणी दार लावत नाही.

व्हिसावाले_मामा: एफ-१ची (विद्यार्थी व्हिसाची) मुलाखत मुंबईत असेल तर कागदांची फाइल क्रमाने लावा. बँक स्टेटमेंट वरच ठेवा.

चहाटळ: मामा, अजून ॲडमिशनचा पत्ता नाही!

बंडगार्डनकर: मुलगा अकरावीत, मुलगी नववीत. त्याचा इथे काय संबंध? मी मेलबद्दल विचारतोय.

शिकागोची_सून: सगळा संबंध तिथेच आहे! डिव्हिजन वनच्या (एनसीएएच्या सर्वांत वरच्या गटाच्या) गोल्फ कोचना दहावीनंतरच्या १५ जूनपर्यंत खेळाडूशी रिक्रूटिंगबद्दल (टीममध्ये घेण्याबद्दल) बोलायची परवानगीच नाही. ईमेल, फोन, मेसेज, काहीही नाही. प्रश्नावली आणि कॅम्पची माहिती मात्र पाठवता येते, तीच तुम्हाला आली. मुलगा ती तारीख ओलांडून गेलाय, म्हणून त्याला उत्तर. फॉर्म आजच भरा आणि प्रत्येक स्पर्धेनंतर तिचे निकाल पाठवत राहा. कोच वाचतात, फक्त उत्तर देत नाहीत.

बंकरमधला_बाप: +१. आणि मेल तिनेच लिहू दे. बापाची भाषा कोचला पहिल्या ओळीत कळते. दोघांच्या नववीपासूनच्या गुणपत्रिका जपा, एनसीएएचं एलिजिबिलिटी सेंटर (पात्रता तपासणारा विभाग) मागतं. नववी ते बारावीत १६ कोअर कोर्स (मुख्य विषयांचे अभ्यासक्रम) बसावे लागतात.

डॉलरचा_भाव: आणि आता एनआयएल (खेळाडूने स्वतःच्या नाव-प्रतिमेवर पैसे कमावणं) आहे! कॉलेजची पोरं जाहिरातींतून लाखो डॉलर कमावतात. फी त्यातच सुटेल.

शिकागोची_सून: एफ-१वर? अमेरिकेत राहून जाहिरातीचं काम केलं तर व्हिसाच गोत्यात यायचा. कृपया असलं काही मुलांच्या डोक्यात भरू नका.

व्हिसावाले_मामा: म्हणूनच म्हटलं, फाइल क्रमाने लावा.

बंडगार्डनकर: बरं. मग एजंटला काय सांगू? आणि मुलाने स्कोअरबरोबर व्हिडिओ पाठवायचा का?

बंकरमधला_बाप: एजंटला तूर्तास नाही सांगा. मेल टाकायला पैसे कशाला? व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचा पुरे. ड्रायव्हर, मधलं आयर्न आणि वेज, प्रत्येक शॉट एकदा समोरून, एकदा मागून टार्गेटच्या रेषेत. चिपिंग-पटिंग हवंच. वर गाणं लावू नका, स्लो मोशन नको. टीममधून पाच जण उतरतात, प्रत्येक राउंडला चार स्कोअर धरतात. कोच तो भरवशाचा चौथा स्कोअर शोधत असतो, त्यामुळे एखादा ६९ दाखवण्यापेक्षा सगळे राउंड पाठवा, ८१सुद्धा.

बंडगार्डनकर: ८१ पण?

बंकरमधला_बाप: निकाल ऑनलाइन असतातच. लपवला की आणखी वाईट दिसतं.

थेट_ग्रीनवर: तरी मी म्हणेन, ॲरिझोना.

चहाटळ: सहा वर्षांच्या पोरासाठी कुणाकडे जुना ज्युनिअर सेट आहे का? डावखुरा आहे. पुण्यात कुठेही येऊन घेऊन जाईन.