"बंदूकवाल्याला कसली श्रद्धांजली" म्हणणाऱ्यांसाठी

लश्करचा_नातू
परवा उस्ताद गेल्याचं ग्रुपवर टाकलं, खाली पटापट हात जोडलेले आले, आणि मग एका सद्गृहस्थांनी लिहिलं की "बंदुका दुरुस्त करणाऱ्याला कसली श्रद्धांजली, चंबळात जी मढी पडतात त्यात याचा वाटा नाही का". दोन दिवस गप्प बसलो, आज बसवत नाही. लांबण लागणारे, ज्याला कंटाळा येईल त्याने पुढे जावं.

ग्वाल्हेरात उस्ताद म्हटलं की बाहेरच्यांना गाणंच सुचतं. आमचे उस्ताद गाण्याचे नव्हते पण कान तसलाच होता. दुनळीच्या नळ्या काढायच्या, एका बोटावर लटकवायच्या आणि नखाने टिचकी मारायची. घंटेसारखा आवाज घुमला तर ठीक, बद्द वाजली तर म्हणायचे, नळ्यांमधली पट्टी सुटलीये, आत गंज गेलाय. मी आठवीत असताना आजोबांबरोबर त्यांची जुनी वेब्ली स्कॉट दुनळी घेऊन गेलो होतो. दुसरा एक दुकानदार म्हणाला होता की एका दिवसात काळी कुळकुळीत करून देतो. उस्तादांनी आजोबांना अक्षरशः हात जोडले, सरकार हे करू नका, त्या उकळत्या खारात बुडवली की दोन नळ्यांमधला कथलाचा डाख सुटतो, मग चमकेल पण कामाची राहणार नाही. मग स्वतः तीन आठवडे घेतले. गंज चढू द्यायचा, उकळत्या पाण्यात घालायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, परत गंज चढू द्यायचा. नळ्या बसवताना दिव्याची काजळी लावायचे, बंदूक मिटायची, उघडायची, जिथे काजळी उठली असेल तिथे कानस एकदाच फिरवायची, परत काजळी. दस्ता अक्रोडाचा, त्यावर अळशीचं तेल तळहाताने रगडून. असं काम करणारा माणूस गेला म्हणून मी दोन ओळी लिहिल्या तर कोणाच्या पोटात का दुखावं?

आणि कट्ट्याला, म्हणजे बिनलायसन्सच्या गावठी पिस्तुलाला, त्यांनी जन्मात हात लावला नाही. नळी कापून आखूड करून द्या म्हणणाऱ्याला पायरीवरूनच परत पाठवताना मी स्वतः बघितलंय.

सरळसोट
ते सद्गृहस्थ मीच. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं, एवढं आडून कशाला.

काजळी, अळशी, अक्रोड, सगळं छान, वाचायला मजा आली. पण ती वस्तू कशासाठी आहे ते तुम्ही एका शब्दाने लिहिलं नाहीत. शिकार 1972 च्या कायद्याने बंद झाली. त्यानंतर भिंड मुरैना ग्वाल्हेरच्या पट्ट्यात बारा बोर कोणाला कशाला लागते? लग्नात हवेत बार काढायला आणि शेताच्या बांधावर समोरच्याला दाखवायला. आपल्याकडे तर सरकारनेच थट्टा करून ठेवलीये. 2008 मध्ये शिवपुरीत नसबंदी करा, लायसन्स लवकर घ्या. 2019 मध्ये आपल्याच ग्वाल्हेरात 10 झाडं लावा, मग अर्ज. मतलब बंदूक ही इथे इज्जत आहे, आणि त्या इज्जतीला पॉलिश करणाऱ्याला तुम्ही संत करून टाकलंत.

एके-47 वाला कलाश्निकोव्ह 2013 मध्ये गेला, त्याआधी त्याने स्वतः धर्मगुरूंना पत्र लिहिलं होतं की माझ्या रायफलने माणसं मेली त्याचा दोष माझा का, हे दुखणं सोसत नाही. बनवणाऱ्याला टोचणी लागली होती, भक्तांना मात्र लागत नाही.

लश्करचा_नातू
कलाश्निकोव्ह कुठे, दौलतगंजच्या बोळात बसून स्प्रिंगा बदलणारा माणूस कुठे! उद्या सुऱ्यांना धार लावणाऱ्याकडूनही पत्र मागाल. आणि 1 ऑगस्ट 2024 ला स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ब्राँझ आणलं तेव्हा तुमचं स्टेटस काय होतं ते आठवतंय मला. "कोल्हापूरचा वाघ". तेव्हा बंदूक चालली?

सरळसोट
50 मीटरवर कागदाला छिद्र पाडणं आणि वरातीत काडतूस उडवणं एकच का? काहीही.

मुक्काम_पुणे
ग्वाल्हेरचं लश्कर सोडून वीस वर्षं झाली पण तिथला बाडा चौक अजून स्वप्नात येतो. ग्वाल्हेरचं आणि हत्यारांचं नातं आजचं नाही हो. महादजींच्या पलटणींसाठी आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तोफा ओतायचा. 29 डिसेंबर 1843 ला महाराजपूर आणि पनिहार एकाच दिवशी हरलो, इंग्रजांनी आपल्या तोफा नेल्या आणि त्यांच्या धातूचं कलकत्त्यात स्मारक उभं केलं. आपल्या तोफा वितळवून आपल्याच पराभवाचं स्मारक! त्यावर कोणी धागा काढत नाही.

सरळसोट
काढा ना मग. इथे कशाला ओतताय.

पूर्वा_मोरार
मी सहसा लिहीत नाही पण आज लिहिते. माझा मामेभाऊ अकरा वर्षांचा होता. भिंडकडे लग्नाला गेलो होतो, वरात दारात आली, आम्ही सगळी पोरं गच्चीवर. खाली एकाने दुनळी वर करून मारली, त्याला म्हणे आकाशात मारायची होती. एक छर्रा याच्या डाव्या डोळ्यात. डोळा गेला. आज तो छत्तीस वर्षांचा आहे, अजून फटाका वाजला की मामी खिडकी लावते. ज्याने मारली तो मामांच्या पाया पडला, गावाने समजूत काढली, मारणारा दोन महिन्यांनी दुसऱ्या वरातीत नाचत होता.

त्यामुळे नातू, तुमचं घंटेसारखा आवाज वगैरे वाचलं की माझ्या अंगावर काटा येतो, आणि तो तुम्हाला अपेक्षित आहे तसला नाही.

लश्करचा_नातू
ताई, यावर काय बोलू. माझं म्हणणं एवढंच की त्यात उस्तादांचा काय दोष.

वर्दी_उतरलेला
34 वर्षं पोलीस खात्यात काढली म्हणून बोलतो. एक, हर्ष फायरिंगला, म्हणजे वरातीत वगैरे आनंदाने गोळ्या उडवण्याला, आता वेगळं कलम आहे, 2019 च्या दुरुस्तीत आलं, 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पूर्वाताईंच्या वेळी नव्हतं. दोन, माझ्या हाताखालून गेलेल्या खुनाच्या केसेसमध्ये कट्टेच जास्त, लायसन्सची बंदूक क्वचित, कारण ती नंबरावरून सापडते. तीन, उस्तादांचं रजिस्टर मी तपासलेलं आहे. बंदूक आली कधी, नंबर काय, लायसन्स कोणाचं, गेली कधी. एक रकाना रिकामा नाही. कित्येक थान्यांचे मालखाने, जप्त-जमा माल ठेवायच्या खोल्या, इतके नीट नसतात.

दोन_नळ्या_एक_पावती
मालखाना म्हणालात ना? बरं झालं तुम्हीच म्हणालात!!

साहेब, जुलै 2022 मध्ये महापालिकेची निवडणूक, भर पावसात बंदूक थान्यात जमा. परत आणली तर नळीत बोट घातलं की तांबडं. नोव्हेंबर 2023 विधानसभा, परत जमा. सोडवून आणून उस्तादांकडे टाकली, हातात आली न आली तोच मार्च 2024 मध्ये लोकसभेची आचारसंहिता, परत जमा. वडिलांनी 1968 साली घेतलेली बंदूक, एक माशी मारली नाही आम्ही तिने, पण गुन्हेगारासारखी भिंतीला टेकवून ठेवतात, वर कोणाची तरी जप्त झालेली सायकल. दस्त्याला चीर पडली. भरपाई कोण देणार? कोणता थाना ते लिहीत नाही, अजून बंदूक तिथेच जमा करायची आहे मला.

उस्ताद म्हणायचे लोकांची दिवाळी एकदा, माझी दर निवडणुकीनंतर.

वर्दी_उतरलेला
तुम्ही लोक बंदूक कोरडीठाक आणून टाकता आणि मग शिपायाला दोष. तेलाचा हात मारून, फडक्यात गुंडाळून आणायला काय होतं?

दोन_नळ्या_एक_पावती
आणली होती गुंडाळून. नंबर बघायला तुमच्याच शिपायाने फडकं काढलं आणि त्याने टेबल पुसलं. मधे जाऊन तेल लावू का विचारलं तर म्हणे साहेबांचा लेखी आदेश आणा. साहेब म्हणे इलेक्शन ड्यूटीवर.

वर्दी_उतरलेला
एका शिपायाला तीनशे बंदुका, वर बंदोबस्त, वर रात्रपाळी. तुमच्या वडिलांच्या बंदुकीला मांडीवर घेऊन बसायचं का त्याने?

दोन_नळ्या_एक_पावती
गळक्या छपराखाली ठेवू नका एवढंच म्हणतोय, मांडी राहू द्या!! आणि निवडणूक आयोगाने काय म्हटलंय की समिती बघेल, ज्याच्यावर संशय त्याची जमा करा. आपल्याकडे सरसकट. बहात्तर वर्षांचा मी, गुडघे बदललेले, मी बूथ लुटणार आहे का?

मुक्काम_पुणे
थान्यात नव्हे, ठाण्यात. मराठीत लिहिताना तरी.

दोन_नळ्या_एक_पावती
तुम्ही पुण्यात ठाण्यात जा. आम्ही इथे थान्यातच जाणार, आमची बंदूक तिथेच गंजते.

पूर्वा_मोरार
वा. माझ्या भावाच्या डोळ्याला एक ओळ, तुमच्या दस्त्याच्या चिरेला पाच प्रतिसाद.

लश्करचा_नातू
ताईंचं बरोबर आहे, काका जरा थांबा.

सरळसोट
नको, चालू द्या, यातच सगळं आलं. माणूस मेला त्याचं दुःख नाही आणि माणसं मरतात त्याचंही नाही, लोखंड गंजलं त्याचं आहे. आणि एवढा इतिहास निघालाच आहे तर हेही लिहा की 30 जानेवारी 1948 ला गांधीजींवर जे बेरेटा पिस्तूल चाललं ते दोनच दिवस आधी ग्वाल्हेरातून मिळवलेलं होतं. तोफांचा अभिमान आपला, मग हेही आपलंच.

लश्करचा_नातू
आता हद्द झाली. उस्तादांचा जन्मसुद्धा 48 च्या नंतरचा! एका म्हाताऱ्याच्या तेराव्याच्या आत... बरोबर, तेरावं नाही, चाळिसावं. पण हा मनुष्य दर खंडेनवमीला आमच्या घरी यायचा, आजीने हत्यारांना हळदकुंकू वाहिलं की स्वतःची कानस आणि पेचकस पण पाटावर ठेवायचा, म्हणायचा माझं पण वाहा आईसाहेब, मी पण याचंच खातो. त्याला तुम्ही 48 शी जोडताय. लाज वाटू द्या थोडी.

सरळसोट
उस्तादांना जोडलं नाही, शहराला जोडलं. नीट वाचा. पण ठीक आहे, तो दाखला या धाग्यात नको होता, मागे घेतो. बाकी एक शब्द मागे घेत नाही.

पूर्वा_मोरार
खरं तर मला हे लिहायचं नव्हतं. ज्या बंदुकीने माझ्या भावाचा डोळा गेला ती पुढे उस्तादांकडेच आली होती दुरुस्तीला, घोडा नीट बसत नव्हता म्हणून. मामांना कोणीतरी सांगितलं, मामा तरातरा भांडायला गेले. उस्तादांनी ऐकून घेतलं, चहा मागवला, मामांनी घेतला नाही. त्यानंतर म्हणे तो मालक महिन्या-महिन्याने यायचा आणि उस्ताद म्हणायचे स्प्रिंग मिळत नाही, विलायतेहून येणं बंद झालंय. दीड वर्ष. शेवटी तो कंटाळून तशीच घेऊन गेला आणि विकून टाकली. मामा मरेपर्यंत सांगायचे की त्याने मुद्दाम अडवली. मी माफ वगैरे केलेलं नाही कोणाला. फक्त घडलं ते सांगितलं.

लश्करचा_नातू
बघा! हेच मी म्हणत होतो.

दोन_नळ्या_एक_पावती
ताई, राग मानू नका, पण माझी साधी बंदूक चौदा महिने ठेवली होती त्यांनी. मलाही स्प्रिंगच सांगितली होती. मी तर कोणाला काही केलं नव्हतं.

पूर्वा_मोरार
😂 मामा नाहीत ते बरं आहे.

वर्दी_उतरलेला
आता कामाचं बोलू. ज्यांच्या बंदुका त्यांच्या दुकानात अडकल्यात त्यांनी पावती आणि लायसन्स घेऊन आपल्या थान्यात अर्ज द्या, रजिस्टर बघून मिळेल. घाई करा, दुकानाचं लायसन्स उस्तादांच्या नावावर होतं.

लश्करचा_नातू
मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे. पुतण्या दोन वर्षं बसायचा त्यांच्याजवळ, काजळीचं काम येतं म्हणतात. लायसन्स मिळेल का त्याला कोणास ठाऊक.

सरळसोट
मी रविवारी शोकसभेला येणार नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. पण तो पुतण्या खरंच काम करतो का? सासऱ्यांची एक दुनळी आहे, ग्रीनर कंपनीची, ते गेल्यापासून चार वर्षं आमच्या कपाटात पडून आहे. बायको म्हणते आठवण आहे, निदान गंज तरी काढून आणा.

वर्दी_उतरलेला
कपाटात?? चार वर्षं?? अहो शस्त्र कायद्याचं कलम 21 वाचा. लायसन्सधारक गेला की वारसाने विलंब न करता थान्यात नाहीतर डीलरकडे जमा करायची असते. हे इथे जाहीर काय लिहिताय, उद्याच्या उद्या नेऊन द्या.

सरळसोट
थान्यात? सायकलीखाली?