आयकार्ड गेटच्या बाहेर गळ्यात असावे का?

गेटवरचा (धागाकर्ता):

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात सुरक्षा आणि प्रशासन विभागात २२ वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो आहे, त्यामुळे हा विषय काहींना म्हाताऱ्याची सवय वाटेल, याची मला कल्पना आहे. तरीही मांडतो.

गेल्या महिन्यात पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला निघालो होतो. नाशिक रोडला समोरच्या आसनावर पंचविशीतला एक तरुण येऊन बसला. गळ्यात रुंद दोरी, तिला टांगलेले आयकार्ड, त्यावर ठळक अक्षरांत नाव, विभाग, कर्मचारी क्रमांक आणि छायाचित्र. गाडी सुटल्यावर त्याने सहकाऱ्याला फोन लावला, आणि इगतपुरी येईपर्यंत मला त्याच्या वरिष्ठांचे नाव, ते बुधवारी बाहेरगावी असल्याची बातमी आणि त्याच दिवशी बाहेरचे कोणीतरी यंत्र दुरुस्तीला येणार असल्याचा तपशील असे सगळे बसल्या जागी कळले. मी काही विचारले नव्हते, कान देऊन ऐकतही नव्हतो. माझ्या नोकरीच्या काळात एखाद्या भामट्याला गेट ओलांडायला याहून जास्त माहिती लागत नसे: योग्य नाव घ्यायचे, योग्य साहेबांचा हवाला द्यायचा आणि घाईत असल्यासारखे दाखवायचे.

आयकार्ड ही कंपनीच्या फाटकाची किल्ली आहे, आणि किल्ली गळ्यात अडकवून कोणी भाजी बाजारात हिंडत नाही, असे माझे मत आहे. कार्डाचा मोबाइलवर स्पष्ट फोटो मिळाला, तर तसेच दिसणारे कार्ड छापून द्यायला कोणतेही झेरॉक्सचे दुकान पुरते. शिवाय अनेक ठिकाणी अजून १२५ किलोहर्ट्‌झच्या रेडिओ लहरींवर चालणारी जुनी कार्डे वापरात आहेत. त्यांत बहुधा नुसता एक क्रमांक असतो आणि समोर कार्ड वाचणारे यंत्र (वाचकयंत्र) आले की कार्ड तो क्रमांक निमूटपणे सांगून टाकते, त्यामुळे त्याची नक्कल करणे अवघड नाही. म्हणून गेटबाहेर पाऊल पडताच कार्ड खिशात जावे. ज्यांना हे पटत नाही, त्यांची बाजू मला खरोखर ऐकायची आहे.

मायको सर्कल:

धागाकर्त्यांशी असहमत, आणि आधी किल्लीचेच घेतो. आमच्या आजीच्या कमरेला घरच्या किल्ल्यांचा जुडगा असे, आणि ती चारचौघांत, लग्नकार्यातसुद्धा तो तसाच खोचून मिरवत असे. घराचा कारभार कोणाच्या हाती आहे, हे त्यातून कळे. तेव्हा किल्ली कोणी मिरवत नाही, हे म्हणणे काही खरे नाही.

ज्या शहरात मायकोसारख्या कारखान्याचे नाव चौकाला पडते, तिथे नोकरीची खूण अंगावर बाळगणे नवे कसे असेल? नाशिक रोडची करन्सी नोट प्रेस १९२८ ची, ओझरचा एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) विमान कारखाना १९६४ चा. ‘मुलगा प्रेसमध्ये आहे’ एवढ्या तीन शब्दांवर सोयरिकी जमलेल्या आमच्या पिढीने पाहिल्या आहेत. कंपनीच्या गणवेशात, खिशावर कंपनीचे नाव विणलेला शर्ट घालून माझे वडील सायकलवरून सातपूरहून थेट भाजी घेऊन घरी येत. त्यांना कोणी सुरक्षेचे व्याख्यान दिले नव्हते. आजच्या मुलांकडे ना गणवेश उरला ना कंपनीची वसाहत. उरले एक प्लास्टिकचे कार्ड. तेही त्यांनी लपवून हिंडावे, ही अपेक्षा मला जरा कोरडी वाटते.

कॉलेज रोडवरची:

वरील प्रतिसादातील वडिलांचा शर्ट मला आवडला, पण त्या शर्टावर कंपनीचे नाव होते, वडिलांचे नव्हते. हा फरक लहान नाही. गणवेश ‘आम्ही कोण’ ते सांगतो. आयकार्ड ‘मी कोण’ ते सांगते, आणि तेही छायाचित्रासह.

मागच्या पावसाळ्यात सिटीलिंकच्या बसमध्ये मी दांडीला धरून उभी होते. कार्ड गळ्यातच राहिले होते आणि बसच्या धक्क्यांनी ते समोर बसलेल्या गृहस्थाच्या नेमके डोळ्यांसमोर हेलकावत होते. रात्री जेवण आटोपून मोबाइल पाहिला, तर एका अनोळखी खात्यावरून माझ्या आडनावासह निरोप आला होता: ‘आज बसमध्ये तुम्हाला बसायला जागा मिळाली नाही, वाईट वाटले.’ धमकी नाही, शिवी नाही, तक्रार करावी असे त्यात काही नाही. तरीही पुढचे दोन आठवडे मी त्या वेळेची बस घेतली नाही. माझे नाव तसे दुर्मीळ आहे, त्यामुळे नाव आणि कंपनी एवढे कळले की मला शोधायला दोन मिनिटे पुरतात. ज्यांना कार्ड मिरवण्यात अभिमान वाटतो, त्यांनी तो खुशाल बाळगावा. मात्र तो सगळ्यांना सारख्याच किमतीला मिळत नाही, एवढे ध्यानात असू द्यावे.

सेकंड शिफ्ट:

मी मूळचा सुरगाणा तालुक्यातला, सध्या चुंचाळे भागात चौघांत एक खोली घेऊन राहतो. धागाकर्ते गेटच्या आतून विचार करीत आहेत. मी गेटबाहेरच्या रस्त्यावरून करतो.

दुसरी पाळी सुटून कपडे बदलून निघेपर्यंत रात्रीचे बारा वाजतात. नाकाबंदी लागली असली की दोन मुलगे एका दुचाकीवर दिसताच थांबवले जातात. कार्ड छातीवर असले की बॅटरीचा झोत आधी कार्डावर पडतो आणि ‘जा’ म्हणतात. कार्ड खिशात असले की झोत तोंडावर पडतो, खिशात हात घालताना ‘हात बाहेर’ असा आवाज येतो, मग कुठले, काय करता, गाडी कोणाची, डिकी उघडा. दहा-पंधरा मिनिटे सहज जातात, आणि सोबतचा घाबरून काही उलटसुलट बोलला तर त्याहून अधिक. बसमधल्या ताईंचा अनुभव मला खोटा वाटत नाही. पण त्यांना अनोळखी माणसाने ओळखू नये असे वाटते, आणि आमची अडचण अशी की आम्हाला कोणी ओळखतच नाही. शहरात आमच्या नावाने वीजबिल नाही, भाडेकरार नाही. ओळख म्हणून दाखवायला चट्कन हाती येते ते हेच कार्ड.

वायरमन:

धागाकर्त्यांच्या तांत्रिक मुद्द्यात एक गफलत आहे. रेडिओ लहरींना शर्टाचे कापड दिसत नाही. कार्ड गळ्यात असो वा पाकिटात, वाचकयंत्र पुरेसे जवळ आले तर १२५ किलोहर्ट्‌झचे कार्ड दोन्हीकडून सारखेच बोलते. मायफेअर क्लासिक या बहुप्रचलित कार्डाची गुप्तलिपी संशोधकांनी २००८ च्या सुमारास फोडून दाखवली. ती काही कार्डे गळ्यात लटकत होती म्हणून फुटली नाही. कंपनीने कार्डे बदलायला हवीत. ते पैसे वाचवायचे आणि कामगाराला ‘दोरी खिशात ठेव’ म्हणायचे, हा कंजूसपणा आहे.

गेटवरचा:

वायरमन यांचा मुद्दा मान्य. नक्कल करण्याचा धोका खिशाने टळत नाही, ते वाक्य मी मागे घेतो. मात्र गेटवरचा पहारेकरी सकाळच्या गर्दीत यंत्रापेक्षा डोळ्यांवर विसंबतो, आणि डोळ्यांना फसवायला कार्डाचे दर्शनी रूप पुरते. तेवढा भाग मी सोडत नाही.

वॉर्डातली:

मी परिचारिका आहे. कोणीतरी रक्तगटाचा मुद्दा काढणारच, म्हणून आधीच लिहिते. कार्डावर रक्तगट असतो, अपघातात उपयोगी पडतो, म्हणून कार्ड गळ्यात असावे, असे आमच्याकडे येणारे नातेवाईकसुद्धा सांगतात. प्रत्यक्षात कार्डावर काय लिहिले आहे ते पाहून कोणीही रक्त चढवत नाही. नमुना घेऊन गट तपासला जातो, मग दात्याच्या रक्ताशी तो जुळवून पाहिला जातो. आणि तेवढाही वेळ नसेल, तर ओ निगेटिव्ह रक्त दिले जाते. कार्डाच्या मागे घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक असतो, त्याचा मात्र आम्हाला खरा उपयोग होतो. तो खिशातल्या कार्डावरही सापडतो, कारण खिसे आम्ही तपासतोच.

माझे स्वतःचे कार्ड मी रुग्णालयाच्या पायरीवरच उतरवते. पूर्वी उतरवत नसे. एकदा पंचवटीत दूध घेताना एका माणसाने कार्ड पाहिले आणि त्याच्या आईला आमच्या रुग्णालयात खाट मिळाली नव्हती, त्याचा सगळा राग दुकानासमोर माझ्यावर काढला. त्या वॉर्डात मी कधी कामही केले नव्हते. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही, आई त्याची होती. पण हातात दुधाची पिशवी घेऊन मी संपूर्ण संस्थेच्या वतीने काय उत्तर देणार होते?

बार रूम:

चर्चा चांगली चालली आहे, परंतु दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते आहे. काही लोकांनी ओळख दिसेल अशी लावणे हे त्यांच्या मर्जीवर सोडलेलेच नाही. रिक्षाचालकाला बिल्ला लागतो, रेल्वे स्थानकावरील हमालाच्या दंडावर पितळी बिल्ला असतो. अटक करणाऱ्या पोलिसाने नाव आणि हुद्दा स्पष्ट वाचता येईल अशी पट्टी लावली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात डिसेंबर १९९६ मध्ये घालून दिले. या सर्वांत समान धागा असा, की समोरच्या अनोळखी माणसावर यांचा काही अधिकार चालतो किंवा तो यांच्या भरवशावर असतो, म्हणून त्याला यांचे नाव वाचता आले पाहिजे. वीजमीटर पाहायला आलेल्या माणसाच्या गळ्यात कार्ड दिसल्याशिवाय माझी आई दार उघडत नाही, तेही याच न्यायाने.

काम संपले की तो अधिकारही संपतो, आणि नाव वाचण्याचा इतरांचा हक्कही. गंगापूर रोडवर मिसळ खाणाऱ्या संगणक अभियंत्याचा कर्मचारी क्रमांक मला कळण्याचे काहीच कारण नाही. आणि ‘सेकंड शिफ्ट’ यांना सांगावेसे वाटते की खासगी कंपनीचे कार्ड पाहून पोलिसाने सोडणे ही त्याची मर्जी आहे. ते कार्ड गळ्यात नसणे हा गुन्हा नाही.

सेकंड शिफ्ट:

वकीलसाहेब, गुन्हा नाही हे मलाही ठाऊक आहे. रात्री साडेबाराला पाथर्डी फाट्यावर हे वाक्य तुम्ही माझ्या जागी उभे राहून म्हणून पाहावे, एवढीच विनंती.

मायको सर्कल:

परिचारिका ताईंच्या अनुभवापुढे माझा अभिमानाचा मुद्दा थोडा फिका पडतो, हे कबूल करतो. तरी एक बाजू राहिली आहे. गळ्यात कंपनीचे कार्ड असताना माणूस रस्त्यावर जरा सांभाळून वागतो. सिग्नल तोडताना, रिक्षावाल्याशी हुज्जत घालताना त्याला आठवते की आपल्या छातीवर नाव लिहिलेले आहे. आमचे साहेब म्हणत, गणवेशात पान खाऊन थुंकू नका, लोक तुम्हाला नाही, कंपनीला नावे ठेवतात.

कॉलेज रोडवरची:

तेच तर. कंपनी आठ तासांचा पगार देते आणि चोवीस तासांची अब्रू सांभाळायला सांगते.

दुचाकीस्वार:

वेगळा मुद्दा: दुचाकीवर तरी काढा. माझी दोरी वाऱ्याने मागे जाऊन मागच्या माणसाच्या पिशवीच्या पट्ट्यात अडकली होती आणि द्वारका चौकात गळ्याला हिसका बसला. ओढ बसताच सुटणाऱ्या चापाची दोरी मिळते, ती तरी घ्या.

पिवळी दोरी:

इथे एका बाजूला अभिमान आहे आणि दुसऱ्या बाजूला भीती. माझे कारण तिसरेच आहे, ते कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो.

मी एका कारखान्यात ठेकेदारामार्फत सहा वर्षे काम करतो आहे. आमच्याकडे कायम कामगारांच्या आयकार्डाची दोरी निळी आणि कंत्राटी कामगारांची पिवळी. काम एकाच लाइनवर, एकाच यंत्रावर. फरक पगारपत्रकात आणि दोरीत. गेटसमोरच्या टपरीवर आम्ही सगळे एकत्र चहा पितो. तिथे एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली: निळी दोरीवाले ती गळ्यात ठेवूनच चहा पितात, आणि पिवळी दोरीवाले गेट ओलांडताच ती बोटांना गुंडाळून खिशात टाकतात. कोणी कोणाला तसे सांगितलेले नाही. टपरीवाला उधारीची वही निळ्यांसाठी उघडतो. खोली पाहायला गेलो तेव्हा घरमालकाने कार्ड मागितले, म्हणून दाखवले. त्याने नाव वाचलेच नाही, दोरीकडे पाहिले आणि दोन महिन्यांऐवजी चार महिन्यांची अनामत मागितली, कारण ‘तुमच्या लोकांचे काय, आज आहेत, उद्या नाहीत’.

‘सेकंड शिफ्ट’ यांना कार्डाने नाकाबंदीवर वाट मिळते, हे खरे आहे. मलाही मिळते, कारण अंधारात रंग नीट दिसत नाही. दिवसा मात्र मी ते खिशात ठेवतो. त्यामुळे धागाकर्ते जे म्हणतात तेच मी रोज करतो, पण सुरक्षेसाठी नव्हे. त्यांना एक विचारायचे आहे. तुम्ही २२ वर्षे गेटवर होतात. हे दोरीचे रंग कोण ठरवतो?

गेटवरचा:

दोन दिवस उत्तर लिहिले नाही, क्षमस्व.

आमच्या कारखान्यात ते मी ठरवले होते. पाळी बदलताना गेटवर पाच-सहाशे माणसे एकदम येत. कायम कामगारांची हजेरी एका यंत्रावर, ठेकेदारांच्या माणसांची दुसऱ्या खिडकीवर, आणि रांगा एकमेकींत मिसळून रोज भांडणे होत. पहारेकऱ्याला दुरूनच कळावे म्हणून दोन रंग करावेत, असे मी टिपणात लिहिले. रांगा सुटल्या, भांडणे थांबली आणि वरिष्ठांनी मला शाबासकी दिली. निळा रंग कंपनीच्या बोधचिन्हात होता, म्हणून तो कायम कामगारांना. दुसरा रंग कोणता घ्यायचा, याचा विचारच झाला नव्हता. पुरवठादाराकडे पिवळी फीत जास्त शिल्लक होती आणि तिचा भाव नगामागे दीड रुपयाने कमी होता, म्हणून मी पिवळ्यावर सही केली.

त्या टपरीवर मीही रोज चहा प्यायलो आहे. पिवळी दोरी खिशात जाते, हे मी पाहत असे. मला वाटे, ही मुले शिस्तीची आहेत.