अनुभव धागा : चिडणारी, आदळआपट करणारी लेकरं आणि आपण सोलापूरचे आईबाप

'पोरगं हाताबाहेर गेलंय' हे ज्यांनी सोसायटीत, लग्नात, शाळेच्या फाटकाशी ऐकलंय, त्यांच्यासाठी हा धागा. सल्ले भरपूर मिळतात. पण संध्याकाळी घरात लेकरू पेटलं की नेमकं काय करायचं, ते सांगणारं माणूस भेटत नाही. ते आपणच एकमेकांना सांगू या. मुलाचं, शाळेचं, डॉक्टरांचं नाव लिहू नका. गोळीचं प्रमाणही नको, ते प्रत्येक मुलाचं वेगळं असतं.

सुरुवात मी करते. मुलगा दहा वर्षांचा, एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही, सतत चुळबुळ, आणि मनात आलं की लगेच करून मोकळा. समुपदेशक ताईंनी आम्हाला एक वही ठेवायला सांगितली. तीन रकाने : चिडायच्या आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर आम्ही काय केलं. वही भरत गेली तसं दिसलं की बहुतेक भडके शाळा सुटल्यानंतर आणि शिकवणीच्या आधी उडतात. डबा अर्धा परत आलेला, मार्चच्या उन्हात रिक्षात कोंबून आलेलं लेकरू, आणि दारातच प्रश्न, 'आज काय लिहून दिलं?'

आता दारात प्रश्न नाही. कडक भाकरी चुरायची, वर दही आणि शेंगाचटणी. तो खातो, पंख्याखाली फरशीवर उताणा पडतो. दप्तर त्यानंतर. शिकवणीची वेळ पुढे ढकलून घेतली. भडके संपले नाहीत, पण कपाटाच्या दाराला लाथा बसायच्या थांबल्या.

तिसरा रकाना घरातल्या सगळ्यांनी वाचावा. ओरडलं की मोबाईल मिळतो हे एकदा कळलं की मूल ओरडणारच. आणि मोबाईल द्यायचा बंद केला की सुरुवातीला ओरडणं वाढतं, हे आधीच माहीत असू द्या. त्या दिवसांत घरातलं एक माणूस जरी विरघळलं, तरी मूल एवढंच शिकतं की आणखी जोरात ओरडायला हवं.

आजोबा, विजापूर रोड
ताई, शेवटचं वाक्य आमच्या पिढीने वाचायला हवं. नातवाला रडताना बघणं फार अवघड असतं. आमच्या सूनबाईंनी चांगलं केलं, डॉक्टरांकडे आम्हा दोघांनाही सोबत नेलं. डॉक्टर आमच्याशीही बोलले. तेव्हापासून घरात नियम दोनच : मारायचं नाही, वस्तू फेकायची नाही. हे नियम मोठ्यांनाही लागू. बाकी बारीकसारीक गोष्टींवर कुणी टोकत नाही. तो पेटला की माझं काम ठरलेलं आहे, धाकट्या नातीला घेऊन खाली उतरायचं. सगळं घर एका लेकराभोवती फिरतं तेव्हा दुसऱ्याच्या वाट्याला काय येतं, हेही कुणीतरी लिहा. ती हल्ली काहीच मागत नाही, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

मागवाला बाप, पूर्व भाग
आमी घरात तेलुगू बोलतो, शाळा मराठी. पोराला तपासताना ह्याचा फरक पडतो बघा. मराठीत विचारलं तर गप बसायचं, तेलुगूत विचारलं की बोलायचं. आमी ते सांगितलं तवा तपासणाऱ्या बाईंनी काही प्रश्न माझ्याकडून तेलुगूत विचारून घेतले. तुमच्या घरची भाषा येगळी असंल तर आधीच सांगा, नायतर लेकराला येत न्हाई असं लिहिलं जातं. कान-डोळे आणि रक्तबी आधीच तपासून घेतलं. माग घराला लागूनच हाय, दिवसभर खटखट. म्हणून अभ्यासाला तो वरच्या मजल्यावर बसतो.

एडीएचडीची गोळी चालू हाय, मिथाइलफेनिडेट म्हणतात ती. तिच्यानं दुपारची भूक मरते. म्हणून सकाळी गोळीच्या आधी पोटभर न्याहारी, आणि रात्री उशिरा मागितलं तरी गरम जेवण. वजन-उंची दर येळेला मोजून घेतो. आमच्या अम्मानं दंडात दोरा बांधलाय. तो राहू द्या म्हटलं, दोरा हाय आणि गोळीबी हाय. ती दोऱ्याच्या बदल्यात गोळी सोडा म्हणत न्हाई, एवढं बास.

शिक्षिका, प्राथमिक शाळा
दादा, मुलाच्या त्रासाबद्दल शाळेलाही सांगा, घाबरू नका. माहीत नसलं की शिक्षक त्या मुलाला आगाऊ समजतात. वर्गात उपयोगी पडतं ते साधं असतं : पहिल्या बाकावर, खिडकी-दारापासून लांब बसवणं, एका वेळी एकच सूचना देणं, चुळबुळ सुरू झाली की खडू आणायला पाठवणं. माझ्या वर्गातला एक मुलगा आणि मी खूण ठरवलीय. त्याने पट्टी उभी धरली की तो पाणी प्यायला जाऊन येणार, मी विचारणार नाही. तो जातो आणि परत येतो. वर्गासमोर त्याला कारण सांगावं लागत नाही, म्हणून येतो.

पालकांनी एक लक्षात ठेवावं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शाळेत मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे. 'त्याला मारा, आमची हरकत नाही' असं पालक सांगून जातात, तरीही ती परवानगी ठरत नाही. लिहिण्या-वाचण्यात मूल फारच मागे असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणीही करून घ्या. वाचताच येत नाही म्हणून चिडणारी मुलं मी पाहिली आहेत. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक मिळू शकतो. दहावीच्या वर्षाची वाट बघू नका.

आई, होटगी रोड
माझी मुलगी पंधराची. कधी आदळआपट नाही, पण सतत करवादलेली. 'या वयात असतंच' हे सगळ्यांकडून ऐकलं. मग ती मैत्रिणींकडे जायची थांबली, आवडीचा नाच सोडला, रात्र रात्र जागी. डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं. मुलांमध्ये ते रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसू शकतं, हे आम्हाला तिथे कळलं.

एका रात्री ती म्हणाली, 'मी नसते तर बरं झालं असतं.' मी तिच्याजवळ बसून सरळ विचारलं, 'मरावंसं वाटतं का?' विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट ती बोलायला लागली. त्या रात्री तिला एकटं ठेवलं नाही, घरातल्या सगळ्या गोळ्या आणि ढेकणांचं औषध कुलपात घातलं, 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीच्या क्रमांकावर बोलले. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. सकाळी डॉक्टरांकडे गेलो. उपचार सुरू आहेत. मागच्या आठवड्यात तिने आपणहून मैत्रिणीला घरी बोलावलं. आजोबा, तुमच्या काहीच न मागणाऱ्या नातीबद्दल वाचून राहवलं नाही म्हणून लिहिलं. तिच्याशी बोला.

आजोबा, विजापूर रोड
आज संध्याकाळी फक्त तिलाच घेऊन कंबर तलावावर जातो, बाई.

विडी घरकुलातून
माझा मुलगा आठचा हाय. डोकं भिंतीवर आपटून घेतो. मी विड्या वळते, खाजगी डॉक्टर झेपत न्हाईत. सिव्हिलला लहान मुलांचं बघतात का? लोक म्हणतात येड्यांच्या खात्यात नेऊ नको.

धागा सुरू करणारी
बघतात, ताई. सिव्हिल मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे, बालरोग विभागही आहे. केसपेपर काढून आधी बालरोग विभागात दाखवा. डोकं आपटतो म्हणून फिट येते का, कान दुखतो का, हेही तपासावं लागतं. आपटून घेतल्यावर उलटी झाली, गुंगी आली तर लगेच न्या, वाट बघू नका. शाळेत तपासणीचं आरोग्य पथक येतं, त्यांनाही सांगून ठेवा. तेही पुढे पाठवतात आणि त्यात खर्च नसतो.

जाताना शाळेची वही न्या. तो कधी आपटतो, त्याच्या आधी काय झालेलं असतं, ते कुणाकडून तरी लिहून घ्या. जमलं तर मोबाईलवर थोडा व्हिडिओ काढा. तिथे गेल्यावर मूल शांत बसतं आणि आपल्याला काही सांगता येत नाही. सोबत कुणी नसेल तर इथे लिहा, मी येते.