सुपरहिरोंचं पोरवय दाखवायलाच हवं का?

रिकामटेकडा_वाचक
भाचीच्या कपाटातली चार पुस्तकं वाचून काढली. डीसी या अमेरिकन कॉमिक्स प्रकाशकाने २०१९पासून काढलेली, पंधरा ते सतरा वर्षांच्या सुपरहिरोंची ग्राफिक नॉव्हेलं: रेवन, कॅटवूमन, हार्ली क्विन, वंडर वूमन. चित्रं झकास, त्याबद्दल वाद नाही.

पण १९३९ साली बॅटमॅनचं सगळं बालपण दोन पानांत उरकलं होतं. आईबापांचा खून, मेणबत्तीजवळ घेतलेली शपथ, आणि लगेच पुढच्या चौकटीत गडी मोठा होऊन प्रयोगशाळेत उभा. मधली वर्षं कोरी. त्या कोऱ्या जागेत आम्ही पोरं मनाला येईल ते भरत होतो. आता तिथे शाळेचे लॉकर आणि 'तो माझ्याकडे बघतोय का?' रेवन म्हणजे ट्रायगॉनसारख्या राक्षसाची लेक, आणि तिची निम्मी कथा वर्गातल्या एका मुलापायी जाते. गूढ काढून घेतलं की सुपरहिरोत उरतं काय?

जुना_रद्दीवाला
दोन पानं खरी, पण ती आली कधी? बॅटमॅन मे १९३९चा आणि त्याचा हा पूर्वेतिहास नोव्हेंबरचा. म्हणजे तुमचं ते पवित्र मूळसुद्धा मागाहूनच चिकटवलेलं.

सुपरमॅनचं तर विचारूच नका. १९३८ साली तो थेट मोठा माणूस. १९४५ला सुपरबॉय आणून त्याला पोरवयातच केप घातली. १९८६ला लेखक-चित्रकार जॉन बर्नने तो सुपरबॉयच पुसून टाकला. दर पिढीला कुणीतरी त्या कोऱ्या जागेत खडू घेऊन बसलेलंच असतं. आणि १९६२चा स्पायडरमॅन पहिल्या गोष्टीपासून शाळकरी आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही वाटतं?

रिकामटेकडा_वाचक
पीटर पार्करची, म्हणजे स्पायडरमॅनची, गोष्टच पोरवयाची आहे हो. तिथे शाळा उपरी वाटत नाही.

चष्मेवाली_मावशी
धागाकर्ते, वाचलीत म्हणता ती हीच का चार? कॅटवूमनच्या पुस्तकातली सलीना आईच्या मारकुट्या मित्रामुळे घर सोडते, रस्त्यावर राहते, चोऱ्या शिकते. वंडर वूमनमधली सोळा वर्षांची डायना निर्वासितांना वाचवायला जाते आणि स्वतःच आपल्या बेटापासून तुटते. ग्रीसमधल्या छावणीत पोचते, तिथून न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सला. सगळ्या भाषा येतात, म्हणून छावणीत दुभाष्याचं काम करते. मला तिची ती ताकद तिच्या जादुई पाशापेक्षा जास्त आवडली. यात 'तो माझ्याकडे बघतोय का' कुठे सापडलं तुम्हाला? एका रेवनवरून चौघींना झोडपू नका.

लालबागचा_पोऱ्या
मावशींना +१. हार्लीचं पुस्तक (लेखन मारिको तमाकी, चित्रं स्टीव्ह प्यू) मी एका बैठकीत संपवलं. आजीकडे राहायला बॅटमॅनच्या गॉथम शहरात आलेली मुलगी. येऊन बघते तर आजी गेलेली. मग एक ड्रॅग क्वीन (बाईच्या वेशात कार्यक्रम करणारा कलाकार) तिला घरात घेते, आणि एक बडी कंपनी त्या वस्तीतल्या लोकांना हुसकायला लागते. चाळीच्या जागी टॉवर होताना पाहिलेल्याला ही गोष्ट परदेशी वाटत नाही. जोकर त्यात कोण निघतो ते सांगत नाही, वाचा.

खवचट_खारूताई
थांबा जरा. तुम्ही दोघं धागाकर्त्याचीच बाजू भक्कम करताय! सलीनाच्या गोष्टीतून मांजर काढा, हार्लीच्या गोष्टीतून तिच्या पोशाखाचे ते दोन रंग काढा. गोष्ट जशीच्या तशी उभी. मग वर सुपरहिरोचं नाव कशाला? नाव असलं की खपतं म्हणून. चांगल्या लेखिकांना दुसऱ्याची पात्रं भाड्याने घेऊन लिहावं लागतं, माझा राग त्याचा आहे.

जुना_रद्दीवाला
हा मुद्दा आवडला, पण एक अपवाद देतो. जीन लुएन यांगचं 'सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन'. १९४६ सालच्या रेडिओ मालिकेवर बेतलेलं. एक चिनी कुटुंब चायनाटाऊन सोडून मेट्रोपोलिसच्या गोऱ्या वस्तीत राहायला येतं आणि क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्या टोळीचे बुरखेवाले लोक त्यांच्या अंगणात क्रूस जाळतात.

यातला सुपरमॅन अजून उडत नाही, विजेच्या तारांवरून पळतो! कारण लहानपणी लोक बिचकतील म्हणून त्याने स्वतःच्या शक्ती दाबून टाकल्या. परग्रहावरून आलेलं पोर आणि चायनाटाऊनमधून आलेली पोरगी, दोघंही चारचौघांसारखं दिसायला धडपडतात. इथून सुपरमॅन काढून दाखवा बरं. गोष्ट कोसळते.

खवचट_खारूताई
बरं, एक सुटलं. बाकीची भाड्याचीच.

रिकामटेकडा_वाचक
हे भाचीच्या कपाटात नव्हतं, मागवतो. लॉकरचं जरा सरसकट झालं, मान्य. रेवनबद्दलचं मत मात्र तेच.

चष्मेवाली_मावशी
भाचीला विचारलंत का तिचं मत?

रिकामटेकडा_वाचक
विचारलं. आधी बॅटमॅनची ती दोन पानं मोठ्या कौतुकाने दाखवली. तिने मेणबत्तीच्या चौकटीवर बोट ठेवलं, पुढच्या चौकटीवर ठेवलं आणि म्हणाली, "मामा, यातलं पान फाटलंय का?"