शिवडीच्या टाक्या आधी, माहुल नंतर

मुंबईतल्या शिवडीच्या तेलाच्या टाक्या माहुलच्या रिफायनऱ्यांसाठी बांधल्या, असं काहीजण म्हणतात. क्रम उलटा आहे हो! माहुलला स्टॅनव्हॅक कंपनीची रिफायनरी १९५४ साली आणि बर्मा शेलची १९५५ साली सुरू झाली. शिवडीत तेल त्याच्या कितीतरी आधीपासून साठवलं जायचं, तेही बोटीनं आलेलं तयार तेल, मुख्यतः रॉकेल.

टाक्या शिवडीत का, याची खरी किल्ली रेल्वे. मुंबई बंदर चालवणाऱ्या पोर्ट ट्रस्टनं समुद्रात भराव घालून जमीन काढली आणि १ जानेवारी १९१५ला बॅलार्ड पिअर ते वडाळा अशी स्वतःची रेल्वे सुरू केली. वडाळ्याला ती बाहेरच्या मार्गांना जोडलेली. म्हणजे बोटीतून टाकीत, टाकीतून टँक वॅगनमध्ये (रेल्वेच्या टाकीवाल्या डब्यात) आणि तिथून थेट घाट चढून वर. वॅगन वरच्या झाकणातून भरायची, मुक्कामी खालच्या व्हॉल्व्हमधून रिकामी करायची. टाक्यांभोवतीचे बांध पुष्कळांना कुंपण वाटतात; टाकी फुटलीच तर तेल आतच राहावं म्हणून ते असतात.

पुढे १९९०च्या दशकाच्या अखेरीस तेलाची मुंबई-मनमाड पाइपलाइन झाली आणि घाट चढायचं बरंचसं काम वॅगनकडून गेलं. पण मनमाडजवळच्या पानेवाडीच्या तेल डेपोहून पुढे वॅगनही भरल्या जातातच!